खुणेची ओळख

गेल्या वर्षीपासून आमच्या घरातील बोलण्यात एक नवा शब्द रुळला आहे. दूधवाल्याचा हिशेब आणि विजेचे बिल यांच्या जोडीने तोही सहज उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे ‘सीडी-२०’. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारी भावंडे अक्का म्हणतो, ती ७३व्या वर्षी लिम्फोमाने आजारी पडली. तिच्या शुश्रूषेच्या निमित्ताने मला जे शिकावे लागले, त्यातील थोडे येथे मांडत आहे. मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु औषध नेमके काय करते हे कळल्यामुळे शुश्रूषा करणाऱ्याची भीती कशी कमी होते आणि सावधपणा कसा वाढतो, हे मी अनुभवले आहे.

अक्काच्या मानेत गाठ आली होती. ती दुखत नव्हती, म्हणून अक्काने दोन महिने कोणास सांगितलेच नाही. पुढे रात्री घामाने अंथरूण भिजू लागले आणि दंडावरची चोळी सैल पडू लागली. साताऱ्यातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गाठ काढून तपासावयास पाठवली आणि अहवाल आल्यावर आम्हांला पुण्यास जाण्याचा सल्ला दिला. अहवालात रोगाचे लांबलचक नाव होते: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. आमची दृष्टी त्या नावावर खिळली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी मात्र त्याखालच्या एका लहानशा ओळीवर बोट ठेवले. ‘सीडी-२० पॉझिटिव्ह’ एवढेच तेथे लिहिले होते. “काका, रोगाचे नाव वरती आहे; पण औषध कोणते हे ही ओळ सांगते,” असे ते म्हणाले.

आपल्या रक्तात आणि लसिकाग्रंथींत ‘बी’ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. परक्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करण्याची परंपरा या पेशींच्या घराण्यात चालते. प्रत्येक पेशीच्या आवरणावर अनेक प्रकारची प्रथिने खोवलेली असतात. सीडी-२० हे त्यांपैकी एक. ते पेशीच्या आवरणातून चार वेळा आरपार जाते आणि त्याचे दोन लहान वेढे पेशीच्या बाहेर डोकावत राहतात. १९८० साली बोस्टनमधील संशोधकांनी ही खूण प्रथम ओळखली. बी-पेशीला कर्करोग झाला, ती बेसुमार वाढू लागली, तरी बहुधा ही खूण तिच्या अंगावर तशीच राहते. गावातून परागंदा झालेल्या माणसाच्या हातावरचे गोंदण जसे पुसले जात नाही, तसेच हे म्हणावयाचे.

या खुणेला चिकटणारे औषध म्हणजे रिटुक्सिमॅब. ते स्वतःच एक प्रतिपिंड आहे, मात्र प्रयोगशाळेत घडवलेले. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. दोन लांब आणि दोन आखूड साखळ्या मिळून तो घडतो. वरच्या दोन फाट्यांची टोके खूण ओळखण्यासाठी आणि खालचा दांडा शरीरातील इतर रक्षकांना बोलावण्यासाठी, अशी त्याची कामाची वाटणी असते. त्याची लांबी-रुंदी अवघी १० नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या एका केसाच्या जाडीत अशी हजारो प्रतिपिंडे ओळीने मावतील.

‘चिकटते’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे डिंक किंवा खळ येते. येथे तसे काही नसते. प्रतिपिंडाच्या टोकावर उंचसखल असा एक पृष्ठभाग असतो आणि सीडी-२०च्या बाहेर आलेल्या वेढ्याचा आकार त्यात नेमका बसतो. आकार जुळला की दोहोंमधील अणू एकमेकांच्या अगदी निकट येतात. मग कोठे धन आणि ऋण भारांचे आकर्षण, कोठे हायड्रोजनचा दुवा, कोठे पाण्याला बाजूला सारून एकमेकांस बिलगलेले कोपरे, असे अनेक लहान लहान बंध एकाच वेळी जुळतात. यांतील एकेक बंध अगदी दुबळा असतो. परंतु ते सारे एकत्र आले की पकड टिकते. शिवाय प्रतिपिंडाला दोन फाटे असल्याने एक सुटला तरी दुसरा धरून ठेवू शकतो. २०२० साली शास्त्रज्ञांनी अतिशीत तापमानावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही जोडणी प्रत्यक्ष टिपली. सीडी-२०ची प्रथिने जोडीने उभी असतात आणि त्या जोडीला रिटुक्सिमॅबचे दोन फाटे शेजारी शेजारी येऊन भिडतात, असे त्यात दिसले.

हे सारे मी अक्काला समजावून सांगत होतो. तिने उभे आयुष्य शिवणयंत्रावर काढले. गल्लीतील तीन पिढ्यांच्या चोळ्या, झबली आणि परकर तिच्या हातचे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे टिचबटणासारखं म्हण की. एकाची टोपी दुसऱ्याच्या खाचेत बसते. एक टिचबटण ओढलं तर निघतं, पण ओळीनं पाच लावली की चोळी हलत नाही.” माझ्या साऱ्या वाचनाहून ती उपमा अधिक नेमकी होती. टिचबटणाच्या दोन भागांचे माप जुळले नाही, तर कितीही दाबले तरी ते बसत नाही. प्रतिपिंडाचेही तसेच आहे.

परंतु चिकटणे म्हणजे मारणे नव्हे. पुढचे बरेचसे काम आपले शरीरच करते. प्रतिपिंडाचा खालचा दांडा बाहेरच्या बाजूस उभा राहतो. त्याला पाहून नैसर्गिक मारक पेशी जवळ येतात आणि त्या कर्कपेशीच्या आवरणाला भोके पाडणारी द्रव्ये सोडतात. भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी जागी होऊन तीही पेशीच्या आवरणावर हल्ला चढवते. काही वेळा खुणेवरची पकड हाच पेशीला आत्मनाशाचा संकेत ठरतो. एरवी आपल्याच शरीरातील पेशी म्हणून जिच्याकडे रक्षकांचे दुर्लक्ष झाले होते, तिच्याकडे आता त्यांचे लक्ष वेधले जाते.

हे औषध ज्या शोधावर उभे आहे, त्याची कथा मला फार विलक्षण वाटते. रोगावरच नेमके जाऊन बसेल अशा औषधाची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिश यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली होती. पण एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी कशी मिळवावी, हे कोणास साधले नव्हते. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा संयोग घडवला. पहिलीकडे कसब होते, पण आयुष्य थोडे. दुसरीकडे कसब नव्हते, पण ती मरणे विसरलेली होती. संयोगातून जन्मलेली पेशी एकाच तऱ्हेचे प्रतिपिंड अखंड बनवत राहिली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कर्कपेशीच्या चिवटपणाचाच उपयोग करून माणसाने तिच्यावर चालणाऱ्या औषधाचा मार्ग शोधला.

उंदराचे प्रतिपिंड माणसाच्या शरीराला परके वाटते. म्हणून रिटुक्सिमॅबमध्ये खूण ओळखणारी टोके तेवढी उंदराच्या प्रतिपिंडाची ठेवली आणि उरलेला भाग मानवी घडणीचा केला. अमेरिकेत त्यास १९९७ साली मान्यता मिळाली. कर्करोगावरील उपचारासाठी तेथे मान्यता मिळालेले हे पहिले एकजिनसी प्रतिपिंड होय. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याच्याशी जुळणारे भारतीय औषध बाजारात आणले आणि आपल्याकडील अनेक कुटुंबांना ते आवाक्यात येऊ लागले.

इतके असूनही आमच्यापुढचा खरा प्रश्न शास्त्राचा नव्हता. “या वयात कशाला तिचे हाल करता?” असे आप्तेष्ट विचारू लागले. त्यात माया होती, हे मी जाणून होतो. अक्काने स्वतः डॉक्टरांना विचारले, “झेपेल का मला हे? खरं सांगा.” त्यांनी तिला हृदयाची सोनोग्राफी, मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या तपासण्या करावयास लावल्या आणि मग उत्तर दिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासाचा त्यांनी आधार घेतला. त्यात ६० ते ८० वर्षे वयाचे, अक्काच्याच रोगाचे ३९९ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीची केमोथेरपी दिली, निम्म्यांना तीच केमोथेरपी रिटुक्सिमॅबसह. दोन वर्षांनी पहिल्या गटातील ५७ टक्के, तर दुसऱ्या गटातील ७० टक्के रुग्ण हयात होते. “आजी, ही हमी नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण केवळ वय जास्त म्हणून उपचार नाकारावेत, असे हे आकडे सांगत नाहीत.” अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “७० म्हणजे ३० जणांचं काय झालं, तेही मला समजलंय. तरी करूया.” तो निर्णय तिचा होता. आम्ही तो केवळ पाळला.

उपचार सुरू होण्यापूर्वी रक्ताच्या तपासणीत हेपेटायटिस बी या काविळीच्या विषाणूची चाचणी होती. कर्करोगाच्या उपचाराशी काविळीचा काय संबंध, असा प्रश्न मला पडला. उत्तर पुन्हा त्या खुणेतच होते. सीडी-२० ही कर्करोगाची खूण नव्हे. ती बी-पेशीची खूण आहे. निरोगी बी-पेशीच्या अंगावरही ती असते. औषध रोग ओळखत नाही, ते केवळ खूण ओळखते. त्यामुळे चांगल्या बी-पेशीही कर्कपेशींबरोबर नाहीशा होतात. एखाद्यास पूर्वी नकळत हेपेटायटिस बी होऊन गेला असेल, तर तो विषाणू यकृतात दबून राहिलेला असतो. त्याच्यावरचा पहारा उठला की तो उसळून येऊ शकतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. अक्काच्या चाचणीत अशा जुन्या संसर्गाची खूण सापडली. तिला तो कधी झाला हे ठाऊकही नव्हते. डॉक्टरांनी विषाणूला दाबून ठेवणारी गोळी आधी सुरू केली आणि ती कर्करोगाचा उपचार संपल्यावरही वर्षभराहून अधिक काळ चालू ठेवावी लागेल, असे बजावले. बरे वाटू लागले म्हणून ही गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नये.

पहिल्या दिवशी सलाइनमधून औषध अगदी मंद गतीने सोडण्यात आले. त्याआधी ताप आणि अ‍ॅलर्जी रोखणारी औषधे दिलेली होती. तरी तासाभराने अक्काला हुडहुडी भरली. दात वाजू लागले, अंग तापले. परिचारिकेने तत्काळ औषध थांबवले, डॉक्टरांना बोलावले, रक्तदाब पाहिला, आणखी एक इंजेक्शन दिले. अर्ध्या-पाऊण तासाने थंडी ओसरली आणि औषध निम्म्या गतीने पुन्हा सुरू झाले. पहिल्या वेळी रक्तात खूण बाळगणाऱ्या पेशी पुष्कळ असतात. औषध एकाच वेळी त्या सर्वांवर बसते, पेशी फुटू लागतात आणि त्यांतून व रक्षक पेशींतून संदेशद्रव्यांचा लोंढा रक्तात येतो. थंडीताप बहुतेक वेळा त्याचा असतो. दुसऱ्या वेळी पेशी कमी राहिलेल्या असतात, म्हणून त्रासही सहसा कमी होतो. अक्काच्या बाबतीत तसेच घडले. मात्र धाप लागणे, छातीत दडपण, घशाला सूज, चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर रुग्णाने ते त्याच क्षणी सांगितले पाहिजे. “उगाच त्यांना कशाला त्रास” असे म्हणून गप्प बसण्याची सवय आपल्या वडीलधाऱ्यांना असते. ती सवय येथे घातक ठरते. रक्तदाबाच्या गोळ्या त्या दिवशी सकाळी घ्याव्यात की नाही, हेही आधीच विचारून ठेवावे, कारण या औषधाने रक्तदाब उतरू शकतो.

दर २१ दिवसांनी एक, अशी सहा आवर्तने झाली. केस गेले ते सोबतच्या केमोथेरपीमुळे. ती औषधे खूण पाहत नाहीत, वेगाने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. त्याच औषधांतील एकाने अक्काच्या बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. चौथ्या आवर्तनानंतर एके सकाळी ती चोळीचे टिचबटण लावीत बसली होती. ते बोटांना जाणवतच नव्हते. आयुष्यभर अंधारातही सुईत दोरा ओवणारी बाई ती. तिने मला हाक मारली नाही. सुनेला जवळ बोलावले आणि खालमानेने म्हणाली, “लाव गं एवढं.” हे मी डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी त्या औषधाची मात्रा कमी केली. रुग्ण स्वतः जे सांगत नाही, ते पाहणे हे शुश्रूषा करणाऱ्याचे काम होय.

उपचारानंतरच्या तपासणीत गाठी दिसल्या नाहीत. घरात आनंद झाला. परंतु खूण ओळखणाऱ्या औषधाचा परिणाम शेवटच्या सलाइनबरोबर संपत नाही. बी-पेशी रक्तात परत दिसू लागण्यास सहा महिने आणि पूर्वपदावर येण्यास वर्षभर लागू शकते. त्या परततात, याचे कारण असे की अस्थिमज्जेतील ज्या मूळ पेशींपासून त्या जन्मतात, त्यांच्या अंगावर सीडी-२० नसते. तसेच जुन्या आजारांविरुद्ध प्रतिपिंडे बनवीत राहणाऱ्या परिपक्व पेशीही ही खूण टाकून दिलेल्या असतात. म्हणून जुने संरक्षण बऱ्याच अंशी टिकते. मधल्या काळात मात्र नवी लस घेतली तरी शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि जिवंत विषाणूंच्या लशी तर टाळाव्याच लागतात. अक्काला कोणती लस केव्हा द्यावी हे आम्ही डॉक्टरांवर सोपवले आणि फ्लूची लस घरातील आम्ही इतरांनी घेतली. ताप १०० अंशांच्या वर गेला की रात्र असो वा सण, फोन करावयाचा, हा घरचा नियम झाला.

अक्का बरी होत असल्याची वार्ता पसरल्यावर अनेकांनी विचारले, “आमच्या वहिनींना तेच इंजेक्शन चालेल का?” या प्रश्नातील आर्तता मला समजते. पण वहिनींच्या पेशींवर ती खूण असल्यावाचून ते चिकटणार कोठे? स्तनाच्या कर्करोगात हर-२ नावाची वेगळी खूण असते. तीही सर्वांत नव्हे, सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांतच ती वाढलेली आढळते. तिच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे वेगळे प्रतिपिंड आहे. हृदयाच्या स्नायूंनाही हर-२चे काम पडत असल्याने ते देताना हृदयाची तपासणी वारंवार करावी लागते. म्हणजे औषध कोठे गुण देईल आणि कोठे त्रास देईल, या दोन्हींचे उत्तर ती खूण शरीरात आणखी कोठे कोठे आहे यात दडलेले असते. म्हणून अहवाल हाती आला की रुग्णाच्या नातेवाइकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: आमच्या रुग्णाच्या पेशींवर कोणती खूण आहे, ती खूण निरोगी पेशींवर आहे काय, आणि त्यासाठी आम्ही घरी कशावर लक्ष ठेवावे.

हेही सांगितले पाहिजे की रोग कधी कधी उलटतो आणि उलटताना काही पेशी ती खूणच गाळून टाकतात. तेव्हा जुन्या अहवालावर विसंबून न राहता गाठ पुन्हा तपासावी लागते. अक्काला हे ठाऊक आहे. दर तीन महिन्यांच्या तपासणीपूर्वी दोन रात्री तिला झोप लागत नाही. त्यावर माझ्याजवळ शास्त्रातले उत्तर नाही. मी तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसतो आणि आम्ही भावंडे जुन्या गल्लीतल्या माणसांविषयी बोलतो.

उपचार संपून आता ११ महिने झाले. काविळीच्या विषाणूची गोळी रोज रात्री जेवणानंतर दोन तासांनी, रिकाम्या पोटी चालू आहे आणि तिचा गजर माझ्या फोनमध्ये लावलेला आहे. बोटांच्या मुंग्या पुष्कळ कमी झाल्या. मोठ्या नाक्याची सुई आणून दिल्यापासून अक्का दुपारी पाऊणएक तास नातीच्या फ्रॉकला हातशिलाई करते. टाके पूर्वीइतके बारीक येत नाहीत, याबद्दल तिची तक्रार असते.